जीर्णोद्धार आणि नफा

आपल्या धर्मशास्त्रकारांनी पुण्यकर्मांचे इष्ट आणि पूर्त असे दोन वर्ग कल्पिले आहेत. यज्ञयाग, अग्निहोत्रादी जी कर्मे मनुष्य देवतांच्या प्रीत्यर्थ करतो ती इष्ट. आणि विहिरी, तलाव, देवालये, धर्मशाळा, आमराया अशी जी कामे तो लोकांच्या उपयोगासाठी करतो ती पूर्त. या पूर्तधर्मातच जीर्णोद्धाराची गणना होते, आणि त्यासंबंधी परंपरेचा कल असा दिसतो की, नवे उभारणाऱ्याइतकीच, किंबहुना काकणभर अधिकच, योग्यता मोडकळीस आलेले सावरणाऱ्याची मानावी. कारण नवे उभारणारा आपल्या नावाचा शिलालेख लावू शकतो, सावरणारा मात्र दुसऱ्याने आरंभिलेल्या कार्यास आपले द्रव्य आणि आयुष्य वेचतो. अहिल्याबाई होळकरांनी काशीस विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले, ठिकठिकाणी घाट बांधले, बारवा दुरुस्त केल्या, आणि या सर्व खर्चाच्या मोबदल्यात एका दमडीच्या वसुलाची अपेक्षा ठेवली नाही. जीर्णोद्धार म्हटला की मराठी मनासमोर हेच चित्र उभे राहते.

परंतु जीर्णोद्धाराचा कर्ता जेव्हा राज्यकर्ती नसून गुंतवणूकदार असतो, वास्तू जेव्हा देवालय नसून मालाची वखार असते, आणि द्रव्य ओतण्यापूर्वी त्यावर शेकडा किती सुटेल याचा हिशेब जेव्हा दप्तरात मांडला जातो, तेव्हा त्या कर्माला पूर्तधर्मात काही जागा आहे, की तो निव्वळ व्यापारच समजावा? जुन्या वखारींचे राहत्या घरांत रूपांतर करण्याचा जो उद्योग गेल्या पन्नासएक वर्षांत लंडन, लिव्हरपूल, मँचेस्टर, न्यूयॉर्क अशा शहरांत फोफावला आणि ज्यात आता जगभरच्या लोकांचा पैसा गुंतला आहे, त्याच्याकडे सामान्यतः फायद्यातोट्याच्याच दृष्टीने पाहिले जाते. त्याच्या मुळाशी मालकी, ऋण आणि काल यांविषयीचा एक धर्मप्रश्न आहे, आणि तो येथे उलगडून पाहण्याचा विचार आहे.

हा विचार एका विशिष्ट वास्तूच्या आधाराने केला तर तो मोघम राहणार नाही. मँचेस्टर शहरात व्हिटवर्थ स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी या रस्त्यावर कापडाच्या निर्गतीच्या प्रचंड वखारी एकापाठोपाठ एक उभ्या राहिल्या. त्यांतील एकीचे नाव ‘इंडिया हाउस’. हॅरी फेअरहर्स्ट या स्थापत्यविशारदाने लॉइड्स पॅकिंग वेअरहाउसेस या कंपनीसाठी ती १९०६ साली बांधली. आत पोलादाचा सांगाडा, आणि बाहेरून लाल वीट व पिवळसर टेराकोटा यांचा साज. कारण गिरण्यांच्या धुराने काळवंडणाऱ्या त्या शहरात टेराकोटा धुऊन स्वच्छ करता येत असे. रस्त्याकडील बाजू एखाद्या राजवाड्याची वाटावी अशी; पण प्रयोजन एकच, ते म्हणजे लँकेशायरचे कापड बांधून समुद्रापार रवाना करणे.

त्या काळी अशा वखारीत काय चालत असे ते जरा जवळून पाहिले पाहिजे. गिरण्यांतून, धुलाईच्या आणि रंगाईच्या कारखान्यांतून कापड येई. कारागीर ते तपासून, त्याच्या घड्या घालून ठाणे तयार करीत. मग ती ठाणी रचून पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राखाली दाबली जात, आणि हे दाबाचे पाणी शहराची म्युनिसिपालिटी १८९४ पासून रस्त्यांखालच्या नळांतून पुरवीत असे. दाबलेली गासडी ओल न लागणाऱ्या कापडात आणि गोणपाटात गुंडाळून, तिला लोखंडी पट्ट्या आवळून, वर खुणेचे शिक्के मारून ती बंदराकडे धाडली जाई. हिंदुस्थानात जाणाऱ्या ठाणांवर रंगीत चित्रांची लेबले चिकटवलेली असत. निरक्षर गिऱ्हाइकालाही व्यापाऱ्याची छाप ओळखता यावी हा त्यांचा हेतू, आणि त्या चित्रांत लक्ष्मी, कृष्ण आदी आमच्या देवदेवता सर्रास असत. ज्या हातांनी ती लक्ष्मी ठाणावर डकवली त्यांना ती कोण हे बहुधा ठाऊकही नसेल. आणि ज्या खानदेशी वा वऱ्हाडी शेतकऱ्याने ते कापड अंगावर घेतले त्याला ते डकवणारे हात कधी दिसले नाहीत. एका वास्तूच्या भिंतींआड परस्परांना अनोळखी अशा दोन जनसमूहांचे श्रम आणि श्रद्धा अशा रीतीने एकत्र बांधल्या गेल्या होत्या.

महाराष्ट्राचा या वास्तूशी असलेला संबंध नावापुरता नाही. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तेथला कापूस बंद झाला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी आमच्या प्रांतांतल्या कापसाकडे धाव घेतली, मुंबईत सोन्याचा पूर आला, आणि युद्ध संपताच १८६५ साली तो ओसरून पेढ्याच्या पेढ्या बुडाल्या. १८९६ साली सरकारने हिंदी गिरण्यांच्या कापडावर शेकडा साडेतीनचा अबकारी कर बसवला, तो मँचेस्टरच्या मालावर त्यांना मात करता येऊ नये म्हणूनच. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, १८७७ च्या दिल्ली दरबारास हातकताईच्या खादीच्या पोशाखात गेले होते. आणि १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यास परदेशी कापडाची जी होळी पेटली तिच्यामागे तरुण सावरकर होते आणि पाठीशी लोकमान्य टिळक होते. इंडिया हाउसच्या भिंती चढत होत्या तो काळ तोच. तरीही १९१३ साली ब्रिटनने जे सुमारे सातशे कोटी यार्ड सुती कापड बाहेर पाठवले, त्यापैकी तीनशे कोटींच्या आसपास एकट्या हिंदुस्थानात उतरले. पुढे महायुद्धे झाली, मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या वाढल्या, जपानची स्पर्धा आली, स्वदेशीच्या व्रताने जोर धरला. १९३१ साली महात्माजी लँकेशायरात गेले तेव्हा तेथले बेकार मजूर त्यांना आदराने भेटले. आणि काही दशकांत व्हिटवर्थ स्ट्रीटच्या वखारी ओस पडल्या.

ओस पडलेल्या वास्तूला प्रेमाने वाचवता येत नाही. छपराची पन्हळ तुंबली की भिंतीत पाणी मुरते, पाणी मुरले की पोलाद गंजते, आणि गंजलेले पोलाद फुगून विटेला तडा पाडते. हा क्रम अव्याहत चालतो आणि त्याला फक्त पैसाच थांबवू शकतो. १९८८ साली मध्य मँचेस्टरच्या पुनरुत्थानासाठी सरकारने एक विकास महामंडळ नेमले. ते १९९६ पर्यंत चालले आणि हा रस्ता त्याच्या कार्यकक्षेत होता. सार्वजनिक निधी आणि खाजगी भांडवल यांच्या मिलाफाने त्या परिसरातील अनेक वखारी निवासी झाल्या. इंडिया हाउसही आज सदनिकांची इमारत आहे. हे काम वाटते तितके सोपे नसते. गोदामाचे मजले खोल असतात. गासडीला काळोख चालतो, माणसाला चालत नाही. म्हणून मधला भाग कापून उजेडाचा चौक काढावा लागतो, जिने आणि नळ नव्याने न्यावे लागतात, आणि संरक्षित वास्तूंच्या यादीत नाव असेल तर प्रत्येक बदलासाठी परवाना घ्यावा लागतो. या यादीचा अर्थच असा की, खरेदीखत तुमच्या नावे असले तरी पाडण्याचा हक्क तुमच्या हाती नाही.

त्यात इंग्लंडातली सदनिका बहुधा मुदतीच्या पट्ट्यावर विकली जाते. नव्व्याण्णव, सव्वाशे, कधी नऊशे नव्व्याण्णव वर्षे. घेणारा भिंती विकत घेत नाही, काल विकत घेतो. आणि मुदत ऐंशी वर्षांच्या खाली उतरू लागली की किंमतही उतरू लागते. आमच्याकडील वेदान्ती ज्या अनित्यतेचा उपदेश करतात ती येथे मुद्रांकित कागदावर वर्षांच्या आकड्यांत लिहिलेली असते. तरीसुद्धा सदनिकेत पैसा घालणारा मनुष्य स्वतःस निरंकुश मालक समजतो, आणि येथेच विचाराची गाठ बसते.

पहिला प्रश्न असा की, जी वखार होती तीच ही इमारत आहे काय? न्यायशास्त्रात अवयव आणि अवयवी यांची चर्चा करताना तंतू आणि पट हेच उदाहरण वारंवार घेतले जाते. नैयायिकांच्या मते पट हा तंतूंच्या समूहाहून निराळा असा एक स्वतंत्र पदार्थ आहे, आणि त्यातील एक तंतू जरी निघाला तरी जुना पट नष्ट होऊन नवा खंडपट उत्पन्न होतो. बौद्धांचा पक्ष याहून कठोर. रथ म्हणून चाके, आस, जू यांखेरीज काहीच नाही, ते केवळ व्यवहाराचे नाव आहे, असे नागसेनाने मिलिंद राजाला समजावले. कोणताही पक्ष घेतला तरी, ज्या वखारीचा मध्य कापला गेला, यंत्रे गेली, प्रयोजन बदलले, ती पूर्वीचीच आहे असे सिद्ध करणे कठीण. मग ‘ऐतिहासिक वखारीतील घर’ म्हणून जाहिरातीत जे विकले जाते ते काय? काही ठिकाणी तर दर्शनी भिंत तेवढी टेकूंवर तोलून धरतात, मागचे सारे पाडतात, आणि नव्या काँक्रीटच्या इमारतीवर जुना मुखवटा बसवून जुनेपणाची किंमत वसूल करतात.

माझ्या मते तादात्म्याचा हा वाद पदार्थाच्या पातळीवर सुटणारा नाही. तो ऋणाच्या पातळीवर सुटतो. वास्तूचे अवयव बदलले, नाव बदलले, प्रयोजन बदलले, तरी तिच्यावरचे ऋण तिच्याबरोबर पुढे येते. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात असा दंडक घालून दिला आहे की, मृताची मिळकत ज्याच्या हाती जाते त्याच्याकडूनच त्याचे कर्ज वसूल करावे. तो पुत्र आहे की परका हा मुद्दा गौण. रिक्थ, म्हणजे वारशाची मिळकत, ज्याने घेतले, ऋणही त्याचेच झाले. या एका सूत्राने जुन्या वास्तूत पैसा गुंतवण्याचा सारा नीतिप्रश्न उजळून निघतो असे मला वाटते.

कारण जुन्या वखारीतील घराला जी वाढीव किंमत येते ती कशाची असते हे तपासून पाहावे. उंच छत, दोन-दोन हात जाडीच्या भिंती, ओळीने उभे राहिलेले खांब, रुंद खिडक्या, आणि या सर्वांवर कालाने चढवलेले तेज. यांतील एकही गोष्ट गुंतवणूकदाराने निर्माण केलेली नाही. त्याने पत्करलेला धोका, त्याने केलेली दुरुस्ती, त्याने काढलेला उजेडाचा चौक, यांचा मोबदला त्याला मिळालाच पाहिजे, आणि तो घेण्यात अणुमात्र पाप नाही. अर्थ हा चार पुरुषार्थांपैकी एक आहे. नफ्याला विटाळ मानणाऱ्या वैराग्याने आजवर एकही गळके छप्पर शाकारले गेलेले नाही. पण या न्याय्य नफ्याच्या वर जो भाग उरतो, जो केवळ जुनेपणामुळे मिळतो, तो कमाई नसून रिक्थ आहे. तो शतकापूर्वीच्या हमालांच्या, गवंड्यांच्या, ठाण बांधणाऱ्यांच्या श्रमांतून आणि कालाच्या ओघातून चालत आला आहे. रिक्थ आले की ऋण आले. गीतेने यज्ञचक्राचे वर्णन करताना, मिळालेले परत न देता एकटाच भोगणाऱ्याला चोर म्हटले आहे. ते विधान येथे शब्दशः लागू पडते.

यावर कोणी विचारील की, ज्यांचे ऋण ते तर केव्हाच मातीआड गेले; फेडायचे कोणाला? याचेही उत्तर परंपरेत आहे. ऋषिऋण फेडताना ऋषींना आपण काय परत देतो? काहीच नाही, आपण अध्ययन करतो आणि ते ज्ञान पुढच्यांच्या हवाली करतो. पितृऋणही मागे फिरून फिटत नाही, पुढच्या पिढीला वाढवून फिटते. मृतांचे देणे जिवंतांना द्यायचे असते. आणि जुन्यात फेरफारच करू नये असेही परंपरा म्हणत नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मूर्तीसाठी वृक्ष तोडण्याचा विधी सांगितला आहे. त्यात तोडण्यापूर्वी बली अर्पण करून त्या वृक्षावर वस्ती करणाऱ्या भूतांना, त्यांनी आता अन्यत्र निवास करावा, अशी विनंती करायची असते. वृक्ष तोडला जातोच. पण आपल्या आधी येथे कोणी राहत होते ही जाणीव ठेवून तोडला जातो. अशी जाणीव न ठेवता केलेला बदल आणि ठेवून केलेला बदल यांत बाहेरून फरक दिसत नसेल, पण धर्माच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

ही फेड व्यवहारात कोणते रूप घेते? प्रथम वास्तूशी सचोटी. जुनी वीट चुन्यात बसवलेली असते. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो, म्हणून भिंत श्वास घेते. त्याच सांध्यांत घाईने आणि स्वस्ताईने सिमेंट भरले तर ओल विटेतच कोंडते आणि थंडीत गोठून विटेचा दर्शनी पापुद्रा उडवते. हे नुकसान विक्रीच्या दिवशी दिसत नाही. ते दहा-वीस वर्षांनी, दुसऱ्याच कोणाच्या माथी येते. चुन्याचा कारागीर शोधून, त्याच्या कामाला लागेल तेवढा अवधी देऊन सांधे भरून घेणारा गुंतवणूकदार ज्यांना तो कधी पाहणार नाही अशा रहिवाशांना देणे देतो. मी त्यास पूर्तधर्मच म्हणेन.

दुसरी फेड माणसांशी. न्यूयॉर्कच्या सोहो भागातील ओस वखारींत आधी चित्रकार आणि शिल्पकार राहावयास गेले. उबेची सोय नाही, कायद्याची मान्यता नाही, अशा स्थितीत त्यांनी त्या मजल्यांना राहण्याजोगे केले. १९७१ साली कलावंतांच्या वास्तव्याला तेथे मान्यता मिळाली, १९७३ साली तो भाग वारसाक्षेत्र ठरला, आणि मग जे मूल्य त्यांच्याच वास्तव्याने वाढले त्या मूल्याचे भाडे त्यांतील अनेकांना परवडेनासे झाले. ज्यांच्या श्रमाने मिळकत झाली त्यांनाच मिळकतीबाहेर जावे लागणे हा रिक्थ घेऊन ऋण नाकारण्याचा ढळढळीत दाखला आहे. ज्या वखारीत एकेकाळी शेकडो श्रमिक राबले, तिच्यात आज शहराची झाडलोट करणाऱ्या, रुग्णालयात शुश्रूषा करणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या माणसाला परवडेल असे एकही घर नसेल, तर त्या जीर्णोद्धाराने भिंती वाचवल्या, ऋण मात्र बुडवले. विशेषतः जेथे सार्वजनिक निधी ओतला गेला तेथे हे देणे केवळ धर्माचे राहत नाही, हिशेबाचे होते.

आता एक आक्षेप असा की, ज्या वखारीतून आमच्या विणकरांचा सर्वनाश गासड्यांत बांधून पाठवला गेला, ती टिकल्याचा आनंद मराठी माणसाने का मानावा? १९०५ साली ज्यांनी होळी पेटवली त्यांच्या वारसांनी ती भिंत पडताना हळहळ करावी काय? हा आक्षेप मी आदराने ऐकतो, पण त्याचा निष्कर्ष मला मान्य नाही. वास्तू जतन करणे म्हणजे तिच्यातील कर्माला मान देणे नव्हे. अन्यायाचा साक्षीदार मेला तर अन्याय धुतला जात नाही. फिर्यादीची बाजू तेवढी लंगडी होते. इंडिया हाउस उभे आहे म्हणून आपण आज बोट दाखवून सांगू शकतो की, तीनशे कोटी यार्डांचा आकडा पुस्तकात जन्मला नाही, तो अशा जिन्यांवरून उतरला. म्हणून तिसरी फेड सत्याची: त्या इमारतीत घर विकणाऱ्याने तिचा इतिहास शोभेपुरता सांगू नये, ते कापड कोठे गेले आणि तेथे काय घडले तेही सांगावे.

आणि मँचेस्टरकडे बोट दाखवताना आपल्या दारातले विसरू नये. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तो मोडला, गिरण्या बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे केले होते: एक महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी, एक मालकासाठी. २००१ सालच्या दुरुस्तीने हे वाटप बांधकाम नसलेल्या जमिनीपुरते उरले, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. मँचेस्टरात निदान भिंती राहिल्या. गिरणगावात बहुतेक ठिकाणी भिंती गेल्या, घरे गेली, आणि कोठे कोठे एखादे धुराडे तेवढे उंच इमल्यांच्या मधोमध ठेवण्यात आले. रिक्थ घ्यावे आणि ऋण द्यावे हा याज्ञवल्क्याचा दंडक ज्या भूमीत लिहिला गेला, तेथेच तो इतक्या सहज बाजूस सारला जावा, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे की, नफ्याच्या हेतूने केलेला जीर्णोद्धारही पूर्तधर्म होऊ शकतो. नफा त्याला भ्रष्ट करीत नाही. त्याला भ्रष्ट करते ती ही समजूत की, खरेदीखतावर सही होताच भूतकाळाचे सारे देणे फिटले. अहिल्याबाईंनी मोबदला घेतला नाही, कारण त्यांना तो नको होता. आजच्या गुंतवणूकदाराने तो खुशाल घ्यावा, पण आपल्या हिशेबाच्या वहीत नफ्याच्या रकान्याशेजारी ऋणाचाही एक रकाना आखावा, चुन्याचा, परवडणाऱ्या घरांचा आणि खऱ्या इतिहासाचा खर्च त्यात मांडावा, आणि तो खर्च वजा जाता जे उरेल त्यालाच आपली कमाई म्हणावे. तेवढे उरत नसेल तर त्याने ती वास्तू घेऊ नये. आणि उरत असेल तर ते घेताना कोणत्याही शास्त्रापुढे मान खाली घालण्याचे त्याला कारण नाही.